पाऊस मुबलक, पाणी तुटपुंजे



मालवण किनाऱ्यावर पाऊस मुबलक पडतो, पण बहुतेक सारा जून ते सप्टेंबरात. जांभा दगड सच्छिद्र, जमीन उताराची. त्यामुळे पाणी लवकर समुद्राला जाऊन मिळते आणि एप्रिल-मेत विहिरी तळ गाठतात. म्हणूनच सड्यावर वस्ती विरळ. वाड्या उताराच्या पायथ्याशी, पाण्याजवळ. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा शेतात भातलावणी. पावसाळ्यानंतर ओहोळाला बांध घालता आला, तरच वायंगणी भात. ऊस तर बारा महिने शेतात उभा! त्याला चार महिन्यांचा पाऊस कसा पुरणार? तेव्हा लावण किती गुंठे करायची, हे आषाढातला पाऊस बघून नव्हे, मे महिन्यातली विहीर बघून ठरवा.