पिकअपला जुनी चाकं घेताना

धानाचा हंगाम लागला की भंडारा जिल्ह्यात पिकअपला उसंत नसते. शेतातून घरी, घरून राईस मिलला, तिथून तुमसरच्या बाजारात. बांधावरून गाडी आदळते, रिम वाकते, आणि नव्या रिमचा भाव ऐकून माणूस नागपूरच्या कबाड्याकडे वळतो. त्यात गैर काही नाही. लोखंडी रिम पारखून घेतली तर वर्षानुवर्षं साथ देते. मी ती कशी पारखतो, ते सांगतो.

१. आधी बोल्टचं माप. "पंधरा इंची आहे भाऊ, बसून जाईल," असं दुकानदार म्हणेल. पण इंच जुळून आणि भोकं तेवढीच असूनही रिम बसत नाही. बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, म्हणजे पीसीडी, जुळावा लागतो. सहा बोल्ट असतील तर समोरासमोरच्या भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजलं की झालं. पाच बोल्टांत समोर भोकच नसतं. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यातलं अंतर घ्या. ते ८२ मिलिमीटरच्या आसपास भरलं तर पीसीडी १३९.७, म्हणजे साडेपाच इंच. जुन्या विलिस जीपचं हेच माप, आणि महिंद्राच्या बऱ्याच गाड्यांत ते पुढे चालत आलं. ६७ भरलं तर ११४.३ची रिम आहे, ती परत ठेवा. सगळ्यात खात्रीचं म्हणजे आपली वाकलेली रिम सोबत न्यावी आणि दोन्ही पाठीला पाठ लावून बघाव्यात.

२. मधलं भोक हबवर नीट बसलं पाहिजे. रिमची बैठकही आपल्या रिमइतकीच आत हवी. चाक बाहेर आलं की बेअरिंगवर ताण येतो, आत गेलं की घासतं.

३. चांदीसारखा ताजा रंग मारलेल्या रिमकडे मी संशयानेच बघतो. भेग बहुतेक वेळा बोल्टच्या भोकांपाशी किंवा आतल्या जोडावर असते, आणि रंग तिला झाकतो. तिथला रंग खरवडा, डिझेलचा बोळा फिरवा, कोरडं पुसा आणि वर खडू घासा. भेग असेल तर तिच्यात मुरलेलं डिझेल खडूवर काळी रेघ उमटवतं. भोकं लांबट झालेली असतील तर ती रिम सैल नटांवर चाललेली आहे. वेल्डिंग केलेली रिम कितीही स्वस्त मिळो, भरल्या गाडीला लावू नका. मग रिम हबवर चढवून फिरवा आणि कडेजवळ पेचकस धरा. फट कमी-जास्त होताना दिसली की रिम वाकडी आहे.

४. मालाचं वजन विसरू नका. कारची रिम आणि कारचा टायर पिकअपला चढतो, पण पोत्यांचा भार पेलत नाही. टायरवर प्लाय रेटिंग आणि लोडचा आकडा लिहिलेला असतो, तो कंपनीच्या टायरइतका किंवा जास्तच हवा. मागच्या दोन्ही चाकांची उंची सारखी ठेवा, नाहीतर डिफरेन्शियल विनाकारण झिजतं.

५. टायरसकट चाक घेत असाल तर डीओटीच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. जुनं रबर त्या तापलेल्या रस्त्यावर भार घेऊन टिकत नाही. नक्षी शाबूत दिसली म्हणून भुलू नका.

६. नट आपल्या रिमच्या बैठकीचेच वापरा आणि एकाआड एक, चांदणीच्या क्रमाने आवळा. नागपुरात चाकं लावली असतील तर भंडाऱ्यात, साठेक किलोमीटरवर, पाना पुन्हा लावा. बसलेले नट तेव्हाच कळतात.

७. पावती घ्या, तिच्यावर विकणाऱ्याचं नाव हवंच. चोरीच्या चाकांचा धंदा चालतो, आणि पोलिसांनी विचारलं तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

आणि भावांनो, स्टेपनी घेतानाही हे सगळं बघा. ती लागते रात्री, भरल्या गाडीला, हायवेच्या कडेला.