आरोग्याचा संकल्प : पेलेल एवढाच

(आरोग्यशिक्षण – इयत्ता चौथी व पाचवीच्या शिक्षकांकरिता)

नवे वर्ष लागले की वर्गात संकल्प सांगण्याची हौस येते. "रोज पहाटे पाचला उठून धावेन", "गोड मुळीच खाणार नाही", अशी वाक्ये फळ्यावर झळकतात आणि पंधरवडा उलटण्यापूर्वी पुसली जातात. यात आरोग्याची हानी होत नाही. ते होते तेथेच राहते. हानी होते ती मुलाच्या आत्मविश्वासाची. जी मुलगी पहाटे हंडा घेऊन पाणवठ्यावर जाते, तिचा धावण्याचा संकल्प मोडला, तर दोष तिच्या निश्चयाचा नसून संकल्पाचा असतो. ती मात्र आपल्याकडून काही होत नाही, असे मनाशी धरून बसते. यास्तव संकल्प कसा निवडावा, हेच प्रथम शिकवावयास हवे.

संकल्प कृतीचा असावा, फलाचा नसावा. वाढत्या वयातील वजन हे आहार, आजार व आनुवंशिकता यांवर अवलंबून असते; ते मुलाच्या हाती नाही. "दोन किलो वजन वाढवीन" याऐवजी "ताटातील उसळ टाकणार नाही" हे त्याच्या हातचे आहे. वर्गासमोर वजने वाचून दाखवून एखाद्या मुलास ध्येय नेमून देणे तर सर्वथा गैर होय.

चहाचे उदाहरण घ्यावे. पुष्कळ घरी मुलांची न्याहरी म्हणजे चहा आणि चपाती. चहातील टॅनिनामुळे अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जात नाही, आणि लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय होतो. मूल लवकर थकते, त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही. "चहा सोडीन" हा संकल्प मात्र घरच्या रीतीविरुद्ध जातो. त्यापेक्षा "चहा जेवणाबरोबर न घेता तासाभराने घेईन" आणि "पालेभाजीवर लिंबू पिळीन" हे सहज साधते. लिंबातील 'क' जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास साहाय्य करते. संकल्प लहान आहे म्हणून शिक्षकाने त्यास हसू नये.

व्यायामाविषयीही मुलांचा असाच गैरसमज असतो. 5 ते 17 वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी 60 मिनिटे दमविणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचविते. ती एकाच वेळी केली पाहिजे असे नाही. लंगडी, खो-खो, लगोरी, शाळेपर्यंतची भरभर चाल, हे सर्व त्यात धरावे. वर सांगितलेल्या मुलीची पाणवठ्याची वाटही तिच्या हिशेबात लिहावी.

सवय जडण्यास किती काळ लागतो? लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 व्यक्तींचा अभ्यास केला होता. त्यात हा काळ सरासरी 66 दिवसांचा आढळला. कोणास 18 दिवस पुरतील, तर कोणास 254 लागतील, असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नाही, हेही त्यात दिसून आले. पाडव्याला धरलेला शाळेतला नेम उन्हाळ्याच्या सुटीत तुटतो. म्हणून शाळेतल्या सवयींचा आरंभ जूनमध्ये करणे बरे. 16 जूनला धरलेल्या नेमाचे 66 दिवस 20 ऑगस्टला भरतात.

पाठानंतर प्रत्येक मुलाने वहीत एकच संकल्प लिहावा आणि तो कोणत्या नित्यकर्मास जोडावयाचा तेही लिहावे, जसे, "जेवणाची घंटा झाली की साबणाने हात धुईन." हात वीस सेकंद तरी चोळावेत, दोनचा पाढा सावकाश म्हटला की तेवढा वेळ जातो. पुढे दिवसांच्या चौकटी आखून रोज खूण करावी. चुकलेल्या दिवशी लाल फुली मारू नये, चौकट रिकामी ठेवावी. ज्याच्या चौकटी आठवडाभर रिकाम्या राहतील, त्यास एकांतात अडचण विचारावी. कित्येकदा घरी साबण नाही, एवढेच कारण निघते.