मनाचे आजार आणि बोलण्याचे उपचार : गोवा व विदर्भातील संशोधनाचा बोध

मधुमेह झालेल्या माणसास 'मन घट्ट कर, साखर आपोआप उतरेल' असे कोणी सांगत नाही. नैराश्याने ग्रासलेल्या माणसास मात्र असाच सल्ला घरोघरी दिला जातो. नैराश्य हा आजार आहे. त्याची लक्षणे ठरलेली आहेत, त्याचे निदान करता येते आणि त्यावर गुणकारी ठरलेले उपचारही आहेत. औषध हा त्यांपैकी एक उपचार होय. प्रशिक्षित व्यक्तीने ठरावीक पद्धतीने केलेले समुपदेशन हा दुसरा. या दुसऱ्या उपचाराविषयी आपल्याच भागात झालेले संशोधन काय सांगते आणि कुटुंबाने त्याचा लाभ कसा घ्यावा, हे या पत्रकात दिले आहे.

१. प्रश्न किती मोठा आहे?

बेंगळुरू येथील निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात पाहणीच्या वेळी सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. नैराश्य व चिंता यांसारखे नेहमी आढळणारे विकार असलेल्या दर १०० व्यक्तींपैकी सुमारे ८५ व्यक्ती उपचारांविना होत्या.

याची काही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. मनोविकारतज्ज्ञ थोडे आहेत आणि बहुतेक शहरांत आहेत. येण्याजाण्यात दिवसाची मजुरी बुडते. 'लोक काय म्हणतील' ही भीती असते. आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. मनाचे दुःख दवाखान्यात शरीराच्या तक्रारीचे रूप घेऊन येते. झोप लागत नाही, अंग दुखते, छातीत धडधडते, थकवा जात नाही, एवढेच रुग्ण सांगतो. त्यावर गोळ्या मिळतात. मूळ आजार न ओळखलेलाच राहतो.

२. बोलण्याचा उपचार म्हणजे काय?

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे, आणि नुसते सांत्वनही नव्हे. त्यास आरंभ, क्रम व शेवट असतो. नैराश्यात माणूस आवडीची कामे सोडतो, माणसे टाळतो. त्यामुळे समाधानाचे क्षण घटतात आणि मन अधिकच खचते. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडणे, ही नैराश्यावरील एक प्रमाणित पद्धत आहे. उत्साह येण्याची वाट न पाहता आधी छोटी कृती करावयाची, तिची नोंद ठेवावयाची आणि पुढील भेटीत काय घडले ते तपासावयाचे.

उदाहरणादाखल, मुलीच्या लग्नानंतर एकाकी पडलेल्या एका गृहिणीने स्वयंपाकाखेरीज सारे सोडून दिले आहे, असे समजू. समुपदेशक तिला 'आनंदी राहा' असे सांगत नाही. पूर्वी आपल्याला काय करावेसे वाटे, असे तो विचारतो. ती म्हणते, 'सायंकाळी देवळापर्यंत चालत जात असे.' मग या आठवड्यात दोन दिवस, शेजारच्या काकूंसोबत, निम्म्या वाटेपर्यंत, असे ठरते. पुढील भेटीत ते जमले का, जमले नसल्यास कशाने अडले, याचा विचार होतो. घरातील भांडण, कर्ज, झोप न लागणे यांसारख्या अडचणींवरही अशाच एकेक पायऱ्या ठरविल्या जातात.

३. गोव्यात काय आढळले?

असे उपचार केवळ तज्ज्ञांनीच द्यावेत काय, की स्थानिक, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनाही ते देता येतील, हा प्रश्न गोव्यातील 'संगथ' या संस्थेने जगभरातील संशोधकांच्या साहाय्याने तपासला.

पहिला मोठा प्रयोग 'मानस' नावाने झाला. त्यात १२ सरकारी व १२ खासगी दवाखाने होते. निम्म्या दवाखान्यांत प्रशिक्षित आरोग्य-समुपदेशक नेमले. त्यांना डॉक्टरांची व मनोविकारतज्ज्ञांची साथ होती. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य वा चिंताविकार असलेल्यांपैकी, समुपदेशकाची सोय होती तेथे ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी बरे झालेले आढळले. सोय नव्हती तेथे हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

दुसरा प्रयोग गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाला व त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. यात तीव्र स्वरूपाचे नैराश्य असलेले सुमारे ५०० रुग्ण होते. कोणास कोणता उपचार मिळावा हे, चिठ्ठी टाकावी तसे, केवळ योगायोगाने ठरविले होते. म्हणून दोन्ही गटांची तुलना विश्वासार्ह ठरते. एका गटास वर सांगितलेल्या पद्धतीने सहा ते आठ भेटी मिळाल्या. भेटी केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी होत. समुपदेशक स्थानिक रहिवासी होते. त्यांच्याकडे मानसोपचाराची पदवी नव्हती, तर या कामाचे खास प्रशिक्षण होते. तीन महिन्यांनंतर या गटातील १०० पैकी ६४ जणांचे नैराश्य ओसरले होते. दुसऱ्या गटात १०० पैकी ३९ जणांचे.

याच केंद्रांत मद्यपानाचा हानिकारक वापर करणाऱ्या पुरुषांसाठीही समुपदेशन तपासले गेले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी २६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते. हा लाभ नैराश्यातील लाभापेक्षा कमी असला तरी उपेक्षणीय नाही.

४. विदर्भात काय आढळले?

उपचार उपलब्ध असला, तरी लोक तो घेण्यास येतील काय? अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या 'विश्राम' या कार्यक्रमाने या प्रश्नाचे उत्तर शोधले. शेतीवरील संकट व आत्महत्या यांनी होरपळलेला हा प्रदेश. येथे गावातील कार्यकर्त्यांनी बैठका घेऊन ताण व नैराश्य यांविषयी लोकांच्या बोलीत चर्चा केली, मानसिक प्रथमोपचार दिले, गरजूंना समुपदेशकाकडे आणि तीव्र आजार असलेल्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचविले.

कार्यक्रमापूर्वी नैराश्य असलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोकांनी उपचार घेतले होते. सुमारे दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाणही ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. येथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून सारे श्रेय कार्यक्रमास देता येणार नाही. तथापि, आजाराविषयी गावात उघडपणे बोलणे सुरू झाले आणि उपचार दारापर्यंत आला, की लोक तो घेतात, एवढे निश्चित दिसते.

आफ्रिकेतील झिंबाब्वे या देशातही असेच आढळले. तेथील हरारे शहरात दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून प्रशिक्षित ज्येष्ठ महिला रुग्णांशी बोलतात. नैराश्यासाठी त्यांच्या भाषेत वापरला जाणारा शब्द 'फार विचार करणे' अशा अर्थाचा आहे. आपल्याकडेही रुग्ण 'डोक्यात विचार थांबत नाहीत' असेच सांगतो.

५. मर्यादा ध्यानात ठेवाव्यात

• उपचार मिळूनही १०० पैकी सुमारे ३६ जणांचे नैराश्य तीन महिन्यांत ओसरले नव्हते. अशांना पुढील तपासणी, औषधे अथवा तज्ज्ञांची गरज असते. एक उपाय अपुरा पडला म्हणजे आजार असाध्य ठरत नाही.

• भास होणे, निराधार संशय, अतिउत्साहाचे झटके, खाणेपिणे सोडणे, आत्महत्येचा विचार ही लक्षणे असल्यास मनोविकारतज्ज्ञास दाखवावे. केवळ समुपदेशनावर विसंबू नये.

• नैराश्यावरील औषधांचा गुण येण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटताच औषध स्वतःहून बंद करू नये.

६. केव्हा विचारणा करावी?

पुढीलपैकी पहिल्या दोहोंतील एक तरी लक्षण, व त्यासोबत इतर काही लक्षणे, दोन आठवडे जवळजवळ रोज असल्यास डॉक्टरांना सांगावे :

(१) मन उदास राहणे. (२) कशातच रस न वाटणे. (३) झोप फार कमी किंवा फार जास्त होणे. (४) भूक मंदावणे वा वाढणे. (५) सतत थकवा. (६) लक्ष न लागणे. (७) आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे. (८) हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थता. (९) मरणाचे विचार.

बाळंतपणानंतरच्या काळात, दीर्घ आजारात, जोडीदाराच्या निधनानंतर आणि परीक्षेच्या ताणात विशेष लक्ष असावे. डॉक्टरांना शरीराच्या तक्रारींसोबत 'मनही ठीक नाही' एवढे एक वाक्य आवर्जून सांगावे. योग्य उपचाराची वाट बहुधा तेथूनच सुरू होते.

७. घरच्यांनी काय करावे?

• 'मनावर घेऊ नकोस', 'तुला काय कमी आहे?' असे म्हणू नये. 'वहिनी, गेले काही दिवस तुम्ही नीट जेवत नाही असे दिसते. मनात काही आहे का? मी ऐकते,' असे म्हणावे आणि खरोखर ऐकावे.

• पहिल्या भेटीस सोबत जावे. रुग्णास समुपदेशकाशी एकांतात बोलू द्यावे. आत काय बोलणे झाले, हे खोदून विचारू नये.

• ठरलेल्या सर्व भेटी पूर्ण होतील असे पाहावे. दोन भेटींनंतर फरक दिसला नाही म्हणून सोडू नये. भाडे, मुलांची सोय, कामावरील सुटी यांची व्यवस्था घराने करावी.

८. कोठे जावे?

• जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा आयुष्मान आरोग्य मंदिर. आशा ताईंकडेही विचारणा करता येईल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा जिल्हा रुग्णालयात मिळते.

• टेली मानस, दूरध्वनी १४४१६. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती विनामूल्य असून दिवसरात्र चालू असते. भाषा निवडता येते, त्यात मराठीही आहे.

• दिल्लीत मुनिरका, बेर सराय, कटवारिया सराय या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना व विद्यार्थ्यांना अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि सफदरजंग रुग्णालय जवळ आहेत. दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. घरापासून दूर राहणाऱ्यास दुःख परक्या भाषेत सांगणे जड जाते. अशा वेळी आधी १४४१६ वर मराठीतून बोलावे, मग रुग्णालयात जावे. गावाकडील पालकांनी हा क्रमांक मुलांना कळवून ठेवावा.

९. जीव धोक्यात असल्यास

आत्महत्येविषयी स्पष्टपणे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलण्यास वाट मिळते. अशा व्यक्तीस एकटे सोडू नये. कीटकनाशके व औषधांचा साठा कुलुपात ठेवावा किंवा घराबाहेर हलवावा. त्वरित रुग्णालयात न्यावे अथवा ११२ क्रमांकावर मदत मागावी.

१०. आपले हक्क

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार शासनाच्या वा शासकीय साहाय्याच्या सेवांतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. आजाराची माहिती गोपनीय ठेवली जाते; आरोग्य विम्यात मनोविकारांस शारीरिक आजारांप्रमाणेच स्थान देणे विमा कंपन्यांस बंधनकारक आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे कायदा गृहीत धरतो. तिला उपचार व पुनर्वसन पुरविणे हे शासनाचे कर्तव्य आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीने उपचारास विलंब करू नये.

लक्षात ठेवा

• दोन आठवडे टिकलेली उदासीनता डॉक्टरांना सांगावी.
• समुपदेशन हा उपचार आहे. सर्व भेटी पूर्ण कराव्यात.
• गुण न आल्यास तज्ज्ञांकडे जावे.
• मदतीसाठी : १४४१६.