आधी पटर, बाकी सगळं नंतर

चिऊ, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, लॅबमधली सगळी रविवारी डिस्क गोल्फला चाललीयेत, मी एक मस्त ड्रायव्हर बघून ठेवलाय, घेऊ का?" आणि तेवढ्यात तुझी बस आली. मला नुसतं "थांब" म्हणता आलं. आता निवांत सांगते. ऑर्डर दिली असशील तर आधी रद्द कर, मग पुढचं वाच.

आणि तू कुठे खेळायला निघालीयेस, ते तुला ठाऊक आहे का गं? नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या कुंपणाला लागून ओकच्या झाडांची ती बाग आहे ना, हाहामोंग्ना पार्कातली, ओक ग्रोव्ह म्हणतात ती? जगातला पहिला कायमस्वरूपी डिस्क गोल्फ कोर्स तिथे १९७५ साली झाला. एड हेड्रिक नावाच्या माणसानं तो आखला. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत तो कामाला होता. सुरुवातीला तिथे नुसते खांब उभे होते. डिस्क खांबाला लागली की झालं. पण लागली की नुसती जवळून गेली, यावरून रोज वाद व्हायचे. म्हणून त्यानं खांबाला साखळ्या टांगल्या आणि खाली टोपली जोडली. त्याचं पेटंट त्याला १९७७ साली मिळालं. २००२ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या झाडांखाली किती तरी वेळ नुसती उभी होते. सहा वर्षं पसादेनाला राहिले, पण त्या बागेची ओढ त्या दिवसापासून लागली.

आता तुझ्या त्या ड्रायव्हरबद्दल, म्हणजे लांब फेकायच्या डिस्कबद्दल. मीही तेच केलं होतं. पहिल्याच आठवड्यात एका दुकानात गेले. तिथल्या माणसानं मला रुंद कडेची, सगळ्यात वेगवान डिस्क दिली आणि सांगितलं की हीच लांब जाते. मी विश्वास ठेवला. फेकली की सरळ जायच्याऐवजी पंचवीस पावलांवर डावीकडे वळून धपकन खाली. मला वाटलं, आपल्यात जोर नाही. मग जोर लावला. आणखी जोर लावला. दीड महिन्यानं कोपराच्या आतल्या बाजूला अशी कळ यायला लागली की दुधाचा कॅन उचलवेना. दोन महिने हात बांधून बसावं लागलं. त्यात माझ्या जोराचा काही दोष नव्हता, डिस्कच चुकीची होती, हे मला कोणीच सांगितलं नाही. म्हणून तुला सांगतेय.

डिस्कवर चार आकडे छापलेले असतात. पहिला वेग. म्हणजे ती डिस्क तिच्या स्वभावाप्रमाणे उडायला किती जोरात सुटावी लागते, ते. पटरला, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायच्या डिस्कला, हा आकडा दोन-तीन असतो, मधल्या अंतराच्या मिडरेंजला चार-पाच, फेअरवे ड्रायव्हरला सहा ते आठ-नऊ आणि लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला बारा, तेरा, चौदा. वेग बारा म्हणजे ती तुला वेग देणार असं नाही, उलट ती तुझ्याकडे वेग मागते. तेवढा दिला नाहीस तर ती उडतच नाही, नुसती वळून पडते. दुसरा आकडा ग्लाइडचा, ती किती तरंगते त्याचा. हा आपल्याला जास्तच हवा. तिसरा टर्न, सुरुवातीला वेगात असताना ती कुठे झुकते ते. हा उणे असेल तर नवशिक्यांना सोपं जातं. चौथा फेड, वेग संपत आला की शेवटी ती किती वळते ते. हा शून्य किंवा एक बघ.

ती का वळते, हेही समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. लहानपणी दादाचा भोवरा फिरत असताना तू बोट लावायचीस, आठवतं? तू ढकलायचीस एकीकडे आणि तो झुकायचा भलतीकडे. फिरत्या वस्तूचं असंच असतं, धक्का एका बाजूनं, झुकणं काटकोनात. उजव्या हातानं बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. वेगात असताना हवा तिचं नाक, म्हणजे पुढची कड, खाली दाबायला बघते, म्हणून ती उजवीकडे झुकते. वेग कमी झाला की हवा नाक वर ढकलते आणि ती डावीकडे कलंडते. म्हणून बहुतेक डिस्क शेवटी थोड्या डावीकडे जाणारच. ती तुझी चूक नव्हे. डावीकडे किती जाणार हे ओळखून तेवढं उजवीकडे बघून फेकायचं, बस.

मग घ्यायचं काय? एक पटर. मी म्हणेन, एकसारखे दोन पटर. महिनाभर बॅगेत दुसरं काही नको. एव्हिआर घे, त्याचे आकडे २/३/०/१. कित्येक वर्षं लोक त्यानंच शिकतायत. त्यानंतर एक मिडरेंज, माको-३ किंवा बझ. माको-३ चे आकडे ५/५/०/०, म्हणजे जशी सोडशील तशी जाणार. तुझ्या हाताची चूक ती लपवत नाही, म्हणून शिकायला तीच हवी. ड्रायव्हर घ्यायचाच झाला तर तीन-चार महिन्यांनी लेपर्ड. त्याचा वेग सहाच आहे आणि टर्न उणे दोन, म्हणजे हळू हातालाही साथ देतो. वजन बघून घे. डिस्क साधारण १५० ते १७५ ग्रॅमच्या मिळतात. पटर १६५-१७० चा चालेल, वाऱ्यात जरा स्थिर राहतो, पण बाकीच्या १५० ते १६० च्या घे. जड डिस्कनं मनगटावर ताण येतो. प्लॅस्टिकही साधं, स्वस्तातलं घे. महागड्या चकचकीत प्लॅस्टिकपेक्षा त्याची पकड छान असते. झाडांवर आपटून आपटून ते लवकर मऊ पडतं आणि मग डिस्क आणखी सरळ जाते. बॅग अजिबात विकत घेऊ नकोस. आईनं दिलेली कापडी पिशवी आहे ना, तीच ने.

आता हात. पहिले काही आठवडे उभ्या जागेवरूनच फेक. लॅबमधली मुलं तीन पावलं आडवी टाकत येतील, त्याला एक्स-स्टेप म्हणतात, बघायला फार देखणं दिसतं. तू बघ, पण करू नकोस. पाय हलायला लागले की हात कुठे चुकतोय ते कळत नाही.

बागेत उजवा खांदा लक्ष्याकडे करून उभी राहा. चारी बोटं कडेच्या आत, अंगठा वर. डिस्क तळहाताच्या रेषेत घट्ट बसली पाहिजे, पण मूठ आवळायची नाही. हात मागे ने आणि छातीच्या उंचीवरून सरळ रेषेत पुढे ओढ. हात छातीभोवती गोल फिरवायचा नाही, ही सगळ्यांची पहिली चूक. गोल फिरवला की डिस्क कधी सुटते तेच कळत नाही, मग एक उजवीकडच्या झुडपात, दुसरी डावीकडे. कोपर पुढे येऊ दे, मनगट मागून येऊ दे आणि शेवटच्या क्षणी झटका.

हा झटका कसा, ते शब्दांत सांगणं अवघड आहे. पण तुला येतो तो. वाळत घालायच्या आधी आपण ओला टॉवेल झटकतो ना, फट् आवाज येतो तसा? त्यात आपण सगळ्या ताकदीनं टॉवेल ओढत नाही. हात सैल असतो आणि जोर फक्त शेवटी येतो. तस्साच. आजही फेकी बिघडल्या की मी गॅलरीत जाऊन टॉवेल झटकून येते. खरंच. आवाज आला की हात पुन्हा जागेवर येतो.

जोर कंबरेतून येऊ दे. आधी कंबर वळते, मग खांदा, मग हात. फेकून झालं की हात मध्येच थांबवू नकोस, अंग पूर्ण फिरू दे आणि पुढचा पाय टाचेवर वळू दे. पाय रोवलेला राहिला आणि अंग वळलं तर तो सगळा पीळ गुडघ्यात जातो. माझ्या कोपराची गोष्ट वर सांगितली, गुडघ्याची सांगायची वेळ तुझ्यावर यायला नको.

अजून एक. डिस्क वर वर जाते, थबकते आणि मागे डावीकडे पडते, असं झालं तर तिचं नाक वर होतं असं समज. नवीन माणसांच्या बहुतेक फेकी याच एका कारणानं आखूड पडतात आणि त्यांना वाटतं ताकद कमी आहे. पातेल्यातून कपात चहा ओतताना मनगट जसं किंचित खाली वळतं, तसं फेकताना वळव. पुढची कड खाली येईल आणि तुझी डिस्क एकदम दहा-पंधरा पावलं पुढे जाईल. ज्या दिवशी हे जमेल त्या दिवशी मला फोन कर, रात्रीचे बारा वाजले असले तरी चालेल.

फोरहँडही आहे. तळ्याकाठी चपटा दगड फेकून आपण पाण्यावर टप्पे काढायचो, तो हात. त्यात डिस्क उलटी फिरते आणि शेवटी उजवीकडे वळते. डावीकडे झाड आडवं आलं की फार उपयोगी. पण तो पुढच्या ऋतूत.

खरा वेळ पटिंगला दे. कोर्सवर सगळ्यांचं लक्ष लांब फेकीकडे असतं, पण प्रत्येक होलला शेवटी साखळ्यांपर्यंत पोचावंच लागतं. १० फुटांवरून सुरू कर. दहातल्या नऊ पडायला लागल्या की दोन पावलं मागे सरक. पूर्ण बास्केट नको बघूस, उजव्या बाजूची एकच साखळी बघ आणि तिच्यातली एकच कडी. वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर येऊ दे आणि सोडल्यावर हात बास्केटकडे ताठ राहू दे, कुणाशी हात मिळवतेस तसा. बास्केटपासून १० मीटरच्या आत असलीस तर फेकल्यावर तोल सांभाळून उभं राहावं लागतं, पुढे पाऊल पडलं तर चूक धरतात. त्या साखळ्यांचा आवाज एकदा कानात बसला की बघ. मी डॅलसला आले तेव्हा इथे कोणी ओळखीचं नव्हतं, पहिले तीन महिने फार जड गेले. संध्याकाळी जवळच्या बागेत एकटीच दोन पटर घेऊन जायचे, आणि तो आवाज ऐकला की घरी आल्यासारखं वाटायचं.

नियमांचा बाऊ करू नकोस. जिथे डिस्क पडली तिथून पुढची फेक. बास्केटपासून जो सर्वांत लांब, त्याची आधी पाळी. कुणी फेकत असेल तर गप्प उभं राहायचं आणि त्याच्या पुढे जायचं नाही. तुझ्यामागचा गट वेगानं येत असेल तर त्यांना पुढे जाऊ दे, त्यात कमीपणा काही नाही. ओक ग्रोव्हच्या वाटांवर लोक चालायला येतात, घोडेही येतात. वाट मोकळी होईपर्यंत थांब, आणि डिस्क कुणाच्या दिशेनं गेलीच तर जोरात "फोर!" ओरड. लाजू नकोस. झुडपात डिस्क शोधायला शिरताना लांब पँट घाल, तिथे पॉइझन ओक आहे, तीन-तीन पानांचा. उन्हाळ्यात हात घालण्याआधी काठीनं गवत हलव, साप असतात.

एक गोष्ट तुला आधीच सांगून ठेवते. मुलगी नवीन खेळतेय म्हटल्यावर प्रत्येक टीवर, म्हणजे होलची पहिली फेक जिथून करतात तिथे, कोणीतरी शिकवायला पुढे येईल. बहुतेक जण मनापासूनच सांगतात. पण एका दिवशी पाच जणांचं ऐकलंस तर हात पूर्ण गोंधळेल. हसून "थँक यू" म्हण आणि त्या दिवशी ठरवलेली एकच गोष्ट करत राहा. पहिल्या टीवर सगळे बघत असतात आणि हात थरथरतो, माझाही थरथरायचा. तिथे पटरच काढ. साठ-सत्तर फूट सरळ गेला तरी ती उत्तम फेक आहे. वेळ मिळाला तर एस्टोनियाच्या क्रिस्टिन टॅटारच्या खेळाचे व्हिडिओ बघ, २०२२ आणि २०२३ ची जगज्जेती आहे ती. तिची लांबी बघू नकोस, हात मागे नेताना ती किती शांत असते ते बघ.

आणि वर सांगितलेल्या दोन पटरपैकी एकच विकत घे. माझा जुना पांढरा एव्हिआर आज पोस्टात टाकला, शुक्रवारपर्यंत पोचेल. कडेला दोन-तीन ठिकाणी खरचटलंय, ते त्याच ओक ग्रोव्हच्या झाडांचं. मागच्या बाजूला माझा जुना नंबर पुसट दिसेल. त्याच्याखाली पर्मनंट मार्करनं तुझं नाव आणि तुझा नंबर लिही, म्हणजे हरवला तर ज्याला सापडेल तो फोन करेल.