संगणकाची घरघर : कारण आणि निवारण

तथागत बुद्धांनी दुःख सांगितले, त्याचबरोबर दुःखाचे कारण सांगितले आणि कारण दूर केल्यास दुःखाचे निवारण होते, हेही सांगितले. ही कार्यकारणदृष्टी आम्ही विद्यार्थ्यांना संगणकाच्या एका साध्या तक्रारीवर लावून दाखवितो. ‘संगणक फार घरघरतो, मध्येच बंद पडतो’, एवढ्या कारणाने नांदेड-लातूरकडील घरांतून व कार्यालयांतून चालते संच भंगारात जातात; आणि वसतिगृहातील मुले मात्र एका संचाभोवती पाळी लावून बसतात.

आवाज हे लक्षण आहे, मूळ उष्णतेत आहे. प्रोसेसर जी वीज वापरतो, तिची जवळजवळ सर्व उष्णता होते. ती धातूच्या पातळ पट्ट्यांच्या हीटसिंकमध्ये उतरते आणि पंखा ती हवेत सोडतो. पट्ट्यांत धूळ बसली की हवा अडते. हवा अडली की तापमान वाढते. तापमान वाढले की पंखा जोराने फिरतो. तरीही उष्णता निघाली नाही, तर प्रोसेसर आपला वेग कमी करतो आणि अखेरीस संच बंद होतो. खोलीची हवा 30 अंशांवरून 42 अंशांवर गेली, तर त्याच कामाला प्रोसेसरही सुमारे 12 अंशांनी अधिक तापतो. मराठवाड्याचा मे महिना म्हणूनच परीक्षा पाहतो.

निवारण क्रमाने करावे. वीजजोडणी काढावी, पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने व हवेच्या झोताने धूळ काढावी. पॉवर सप्लायची पेटी मात्र उघडू नये. तिच्यात वीज साठून राहते. प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळली असल्यास पुसून नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावावी. संच भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा. कूलरचा दमट झोत त्यावर येऊ देऊ नये. पेटीत जागा असल्यास 80 मिलिमीटरऐवजी 120 मिलिमीटरचा पंखा बसवावा. मोठा पंखा कमी गतीने तेवढीच हवा देतो, आणि पंख्याची गती निम्मी झाली की आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. एवढे करूनही घरघर राहिली, तर पंख्याचे बेअरिंग झिजले असे समजून पंखाच बदलावा.

हा प्रश्न केवळ लहान संचांचा नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात उष्णता थेट द्रवाने वाहून न्यावी लागते.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती एवढीच : जुना संच टाकून देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा. ब्रश आणि थोडी पेस्ट यांनी तो सुधारला, तर एका मुलाची पाळी लवकर येईल. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश साधनांवाचून अडू नये.