मक्याची पिशवी समुद्रात विरघळते का?



मागच्या महिन्यात आपल्या एका सभासदाकडे हैदराबादच्या बरकतपुऱ्याहून पाहुणे आले. त्यांनी मिठाई ज्या पिशवीतून आणली, ती पिशवी घेऊन सभासद थेट सोसायटीत आले. हाताला मऊ, रंगाने दुधट, वर छापलेलं, 'मक्यापासून बनवलेली, मी प्लास्टिक नाही'. त्यांनी विचारलं, "सेक्रेटरी, ही पाण्यात पडली तर विरघळेल ना? मग बोटीवर हीच वापरूया की!" उत्तर दोन शब्दांत देता येण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

हैदराबादला हे काम खरंच झालेलं आहे. तिथल्या डीआरडीओच्या अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स लॅबोरेटरीने मक्याच्या स्टार्चपासून पिशव्या तयार केल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये तिरुमलाला लाडू प्रसादासाठी त्या मिळू लागल्या. ९० दिवसांत कुजतात असं तेव्हा सांगितलं होतं. पण कुठे कुजतात, हे आपण विचारायला हवं.

*स्टार्चचं प्लास्टिक म्हणजे काय?*
भाताची पेज, साबुदाणा, बटाटा, मका, सगळ्यांत स्टार्च असतो. आपल्या घरात तो खळ म्हणून ओळखीचा आहे. खळ दिलेला कपडा वाळला की कडक होतो आणि पाणी लागलं की परत लुळा पडतो. नुसत्या स्टार्चच्या प्लास्टिकचेही हेच दोन दोष. वाळलं की तडकतं, दमट हवेत मऊ होतं. स्टार्चमध्ये पाणी आणि ग्लिसरीन घालून तापवलं की दाणे फुटून एकजीव लगदा होतो आणि त्याची लवचिक पापडी पाडता येते. ग्लिसरीनमुळे ती वाकते, पण ताकद कमी होते. म्हणून दोन उपाय करतात.

पहिला उपाय, भर घालणे. मातीच्या भिंतीत पेंढा घालतात, तसंच. ताग, काथ्या, उसाचं चिपाड यांचा बारीक तंतू घातला की ताण तंतू घेतो आणि पापडी पटकन फाटत नाही. काही जातींची चिकणमाती अगदी पातळ पापुद्र्यांची असते. ती नीट पसरली तर पाण्याला आरपार जायला वळणं घेत जावं लागतं. प्रमाण मात्र सांभाळावं लागतं. भर जास्त झाली तर गुठळ्या होतात आणि तिथूनच तडा जातो.

दुसरा उपाय, मिश्रण. स्टार्चमध्ये पीबीएटी नावाचं प्लास्टिक मिसळतात. ते कुजणारं आहे, पण बहुतेक खनिज तेलापासूनच बनतं. म्हणजे 'मक्याची' पिशवी सगळी मक्याची असेलच असं नाही.

आपल्या कामाची गोष्ट अशी की कोळंबीच्या टरफलातून निघणारं कायटोसानही स्टार्चमध्ये मिसळतात. टरफलातला चुना आम्लाने आणि प्रथिनं कॉस्टिकने काढली की कायटिन उरतं. त्याला पुन्हा तीव्र कॉस्टिकची प्रक्रिया दिली की कायटोसान. त्याने पापडी मजबूत होते, पाणीही कमी शोषते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने (सीआयएफटी) कायटोसानवर बरीच वर्षं काम केलं आहे. आपण जे टरफल फेकतो, तो कच्चा माल आहे.

*समुद्रात काय होतं?*
कंपोस्टेबल पिशवीची चाचणी साधारण ५८ अंश सेल्सिअसच्या गरम खतात होते. १८० दिवसांत तिचा ९० टक्के कार्बन वायू होऊन जायला हवा. समुद्राचं पाणी एवढं तापत नाही आणि तिथे खताएवढे जिवाणूही नसतात. स्टार्च आधी जातो, पीबीएटी सावकाश.

इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठाने वेगवेगळ्या पिशव्या तीन वर्षं समुद्रात, मातीत आणि हवेत ठेवल्या. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. 'बायोडिग्रेडेबल' छापलेली पिशवी तीन वर्षांनंतरही समुद्रातून आणि मातीतून सामान उचलण्याइतकी धड निघाली. 'कंपोस्टेबल' पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण तीच मातीत २७ महिन्यांनीही होती. म्हणजे एकाच छापाच्या भरवशावर राहता येत नाही. आणि तीन महिने तरी कमी आहेत का? तेवढ्यात ती पिशवी डोलीत येते, पंख्यात गुंडाळते किंवा इंजिनाच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड बंद करते.

*मग काय करायचं?*
१. पिशवीवर 'कंपोस्टेबल', उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र नसेल तर अशी पिशवी विकता येत नाही. मानक आयएस/आयएसओ १७०८८.
२. नुसतं 'इको', 'ग्रीन' किंवा 'बायो' छापलेलं असेल तर घेऊ नका.
३. मासळी विकणाऱ्या भगिनींनी घाऊक खरेदीआधी एका पिशवीत बर्फासकट म्हावरं भरून तासभर टांगून बघावं. सुक्या मासळीलाही दमट हवेत पिशवी टिकते का ते पाहावं.
४. बोटीवर कोणतीही पिशवी असो, ती बंदरावर परत आली पाहिजे. तांडेलाने खलाशांना हे बजावून सांगावं.

मुलांना घरी दाखवायचं असेल तर एक चमचा कॉर्नफ्लोर, चार चमचे पाणी, एक छोटा चमचा ग्लिसरीन आणि तेवढाच व्हिनेगर मंद आचेवर ढवळून घट्ट करा. ताटलीवर पातळ पसरून दोन दिवस वाळवा. दुसरी पापडी ग्लिसरीन न घालता करा. दोन्ही वाकवून बघा, मग एकेक तुकडा खाऱ्या पाण्यात ठेवा. सगळा धडा मुलांना हातात मिळेल.

मक्याची पिशवी चांगली आहे, पण तिची जागा खताच्या खड्ड्यात आहे, दर्यात नाही.