व्हॅनचं वय आणि सासूबाईंचा दमा

व्हॅन भंगारात घालायचा विचार आधी डोक्यातनं काढ. निदान माझं ऐकून होईपर्यंत तरी. तुझे मालक, आमचे पाव्हणं, म्हणतात ते अगदीच खोटं नाही, पंधरा वर्षं झालेल्या गाडीवर आठ-दहा हजार घालायचे म्हणजे कुणाच्याही जिवावर येतं. पण भंगारवाला देईल ते पैसे चार दिवसांत संपतील, आणि मग रात्री दोन वाजता सासूबाईंना धाप लागली की कुणाचं दार वाजवणार? शेजारच्या जीपवाल्याचं? दिवसभर वडाप करून तो आडवा झालेला असतो. येईलही बिचारा, पण दर वेळी येईलच असं धरून संसार होत नाही.

आरटीओच्या एजंटनं तुला पुनर्नोंदणीचा एकच मोठा आकडा सांगितलाय. तो सुटा करून बघू, कारण त्याचं पोट त्या गोळाबेरजेतच असतं. पुनर्नोंदणीची फी चारचाकीला पूर्वी ६०० रुपये होती. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये नियम बदलला आणि एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. मोटारसायकलची ३०० वरून १,००० झाली. हा झाला केंद्राचा भाग. राज्याचा पर्यावरण कर वेगळा, तो २०१० पासून आहे. घरच्या गाडीला पंधरा वर्षांनी लागतो, भाड्याच्या गाडीला आठ वर्षांनीच. लागू झाला तेव्हा पाच वर्षांसाठी दुचाकीला २,०००, पेट्रोलच्या मोटारीला ३,००० आणि डिझेलच्या मोटारीला ३,५०० असा दर होता. आजचा आकडा मात्र परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर घालून स्वतः बघ, एजंटच्या तोंडून नको. आणि यावर उशिराचा दंड, चारचाकीला महिन्याला ५०० रुपये. तुमच्या आरसीची मुदत संपून सात महिने झाले. म्हणजे साडेतीन हजार नुसते "बघू पुढच्या महिन्यात" म्हणण्याचे. यात धुराचा काही संबंध नाही बघ, हा आळसाचा कर आहे. तो आजच्या आज थांबव.

आता मला जे खुपतं ते सांगते. तुमची व्हॅन वर्षाला फार तर दोन हजार किलोमीटर पळते. मलकापूरचा दवाखाना, अधनंमधनं कोल्हापूर, भावकीतलं लग्न, संपलं. फी आणि कर मिळून ८,००० धर, पाच वर्षांचे. दहा हजार किलोमीटरला आठ हजार, म्हणजे किलोमीटरमागं ८० पैसे. शहरात तेवढ्याच वयाची मोटार रोज ऑफिसला जाऊन वर्षाला पंधरा हजार पळत असेल, तर तिला पडतात ११ पैशांच्या आतच. जी जास्त पळते, जास्त धूर सोडते, तिला स्वस्त. जी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असते, तिला महाग. सरकार गाडीचं वय बघतं. ती किती चालते आणि कुणासाठी चालते, हे विचारायचा रकानाच त्या फॉर्मात नाही.

बरं, धूर मोजायची सोय आपल्याकडं नाही असंही नाही. पीयूसीवाला सायलेन्सरच्या नळीत सळई घालून मोजतोच की. पेट्रोलच्या चारचाकीला १२५ रुपये घेतो. तुमची गाडी बीएस-४ च्या आधीची, म्हणून तुम्हाला ते दर सहा महिन्यांनी करावं लागतं, नव्यांना वर्षानं. पण त्या कागदावर कितीही चांगला आकडा आला तरी मोठ्या रकमेत एक रुपया कमी होत नाही. कार्बोरेटर साफ ठेवणारा आणि काळा धूर ओकत जाणारा, दोघांना एकच पावती. उलट ज्याला विजेची मोटार परवडते त्याला ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर टोलसुद्धा माफ. असू दे, विजेच्या गाड्या यायलाच हव्यात. पण सवलत कुणाच्या दारात जाते आणि दंड कुणाच्या, हे बघितलं की माझं डोकं तापतं.

तरी "कसला पर्यावरण कर, सगळी लूट" असं पाव्हण्यांसारखं तू म्हणू नकोस. धूर खोटा नाही गं. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा बिघडलेली म्हणून राज्यातली जी शहरं घेतली, त्यात आपलं कोल्हापूर आहे, शेजारची सांगलीही आहे. तपासणीला नेलं की मध्यवर्ती स्टँडवर उतरल्या उतरल्या सासूबाई पदर नाकाला लावतात, हे तूच मला सांगितलंस. लंडनमध्ये मोठ्या रस्त्यालगत राहणारी एला किस्सी-डेब्रा नावाची मुलगी २०१३ मध्ये दम्यानं गेली, नऊ वर्षांची होती. तिच्या आईनं पिच्छा सोडला नाही. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण अधिकृतपणे लिहिलं गेलं. दमेकरी म्हातारी घरात असताना धुराची बाजू आपण घ्यायची नसते.

त्याच लंडननं ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या शहरात जुन्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड लावले. तिथंही बोंब झालीच. पहाटे कामावर जाणारे, घरोघरी आजाऱ्यांची सेवा करायला जाणाऱ्या बायका, यांना ते जड जात होतं. पण दोन गोष्टी बघ. ज्या दिवशी गाडी बाहेर काढाल त्या दिवसाचेच पैसे. उभ्या गाडीला काही नाही. आणि जुनी मोटार मोडीत काढणाऱ्याला दोन हजार पौंड दिले, अपंगांचा भत्ता मिळणाऱ्यांना ऑक्टोबर २०२७ पर्यंत सूट दिली. शिवाय गाडी सोडली तर दारात बस आहे. आपल्या वाडीवर सकाळची एसटी चुकली की चालत फाट्यावर. धनगरवाड्यांवरच्यांना तर तेवढंही नाही.

तुला कोल्हापूरचा टोल आठवतो का? शहरातल्या रस्त्यांचा २२० कोटींचा प्रकल्प आणि वर नाके. एन. डी. पाटील सर, गोविंद पानसरे रस्त्यावर उतरले, मागनं अख्खं कोल्हापूर. डिसेंबर २०१५ मध्ये टोल गेला, पण ते बघायला पानसरे अण्णा नव्हते. नाका डोळ्यांना दिसत होता, म्हणून माणसं एकत्र आली. हा पर्यावरण कर कुठं दिसतो? घरात बसून मोबाईलवर, एकेकट्यानं, ओटीपी घालून भरायचा. रिक्षावाल्यांचं बघ, पासिंगला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये दंड होता. त्यांच्या संघटना आहेत, त्यांनी राज्यभर आंदोलन केलं आणि २०२४ मध्ये सरकारला तो थांबवावा लागला. तुझ्यासारखीची संघटना कुठली? बचत गट आहे आणि ग्रामसभा आहे. तिथं "कर रद्द करा" म्हणून काही व्हायचं नाही. संध्याकाळची मुक्कामी एसटी मागा. तो अर्ज तूच लिही, तुझं अक्षर चांगलं आहे आणि सरपंच तुला नाही म्हणायचे नाहीत.

मुंबईचे दीर म्हणतात की पुढं पेट्रोलच्या गाड्या बंदच होणार, आत्ताच विका. ते जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीचं ऐकून बोलतात. ती समिती मुंबई महानगरापुरती आहे, आपल्या शाहूवाडीशी तिचा काही संबंध नाही. दिल्लीत तर जुलै २०२५ मध्ये जुन्या गाड्यांना पंपावर तेल द्यायचंच बंद केलं होतं, आणि काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. तेव्हा घाबरून काही विकायचं नाही.

माझं मत असं की व्हॅन ठेवायची, पण रात्री-अपरात्रीसाठी. नेहमीच्या तपासणीला एसटीच. सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण आहेत, त्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही, आणि तुला अर्धं. जायला व्हॅन काढून पेट्रोल जाळण्यापेक्षा त्यांना खिडकीची जागा धरून दे. आणखी पाच वर्षांनी गाडी वीस वर्षांची होईल. तेव्हाची फी ऑगस्ट २०२५ च्या नियमानं १०,००० आहे, ती मात्र भरायची नाही. तोवर बचत गटात वेगळे पैसे टाकत राहा. काढायची वेळ आली तरी भंगारवाल्याला नुसती चावी द्यायची नाही हं. आरसी रद्द करून घ्यायची आणि चासी नंबरचा तुकडा आपल्या हातात ठेवायचा. नाहीतर गाडी कुठं कोण फिरवतंय हे आपल्याला कळायचं नाही आणि नाव मात्र आपलं राहील. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रावर दिली तर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, पण नवी घेणार असाल तरच तिचा उपयोग.

कामाला लागताना एक अडचण येणारच. व्हॅन अजून सासऱ्यांच्या नावावर आहे ना? ते गेल्यावर तीन महिन्यांत नाव बदलून घ्यायचं असतं, ते राहिलं. आता आधी ३१ नंबरचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, आणि मग पुनर्नोंदणीचा २५ नंबर. नवी नंबरप्लेट नसेल तर आरटीओ पुढचं काम करत नाही. ती चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. बनावट साइट फार आहेत, परिवहन विभागाच्या पानावरूनच जा. मोटार निरीक्षकांचा तालुक्यात कॅम्प कधी असतो ते विचार, म्हणजे मुदत संपलेली गाडी कोल्हापूरपर्यंत न्यायची जोखीम वाचेल. आणि हे सगळं तुझ्या नावावर कर. पाव्हण्यांच्या नको, दिरांच्या तर नकोच. दवाखान्याला गाडी तूच नेतेस. दीर गणपतीला येतील तेव्हा मोदक खाऊन व्हायच्या आत संमतीपत्रावर सही घे, विसर्जनाची वाट बघत बसू नकोस, ते दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या गाडीनं परत जातात.